लॉगमधली ओळ आणि वाचणारं पोर: मूडलमधल्या नोंदी व सूचनांवर संशोधन कसं करावं

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी दरवर्षी जे विषय येतात, त्यांत गेल्या काही वर्षांत एक विषय हमखास असतो: 'ऑनलाइन अध्ययन प्रणालीतील कृती-नोंद व सूचना साधनांच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. विषय चांगलाच आहे. महाविद्यालयाने प्रणाली बसवलेली असते, विद्यार्थी त्यावर येत-जात असतात, त्यांच्या प्रत्येक हालचालीची कुठेतरी नोंद होत असते, रोज सूचना सुटत असतात. पण बहुतेक जण विषय मंजूर झाला की थेट प्रश्नावली करायला बसतात. 'सूचना तुम्हाला उपयुक्त वाटतात का? पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ…' शंभर फॉर्म भरून येतात, टक्केवारी निघते, आणि प्रबंध बांधायला जातो. ते साधन नक्की काय मोजतं आणि ती सूचना मुलांपर्यंत खरंच पोचली का, हे कुणी उघडून बघतच नाही.

हा लेख त्या उघडून बघण्यासाठी आहे. उदाहरणाला मी मूडल ही ऑनलाइन अध्ययन प्रणाली घेतली आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डोगिआमास यांनी ते सुरू केलं, पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. ते मुक्त स्रोत आहे, त्यामुळे नोंद कशी होते हे आतपर्यंत जाऊन पाहता येतं, आणि आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत तेच वापरात आहे. तुमच्याकडे दुसरी प्रणाली असेल तर पानांची आणि बटणांची नावं बदलतील. कामाची पद्धत हीच राहील.

पायरी १: शीर्षकातला 'परिणामकारकता' हा शब्द खोडा

हा शब्द राहिला की पुढचं सगळं सैल होतं. कशावर परिणाम? गुणांवर, हजेरीवर, की वेळेत गृहपाठ देण्यावर? त्याऐवजी असा प्रश्न धरा, ज्याचं उत्तर नोंदींतून मिळू शकेल. उदाहरणार्थ, असाइनमेंटची मुदत ४८ तासांवर आल्याची सूचना गेल्यावर किती विद्यार्थी पुढच्या २४ तासांत ते पान उघडतात? किंवा, फोरमवरच्या उत्तरांची ईमेल सुटी सुटी आली तर आणि दिवसाची एकत्र आली तर, विद्यार्थी फोरमवर परत येण्यात फरक पडतो का?

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला प्रश्न एका विद्यार्थ्याने आणला होता. मूडलमध्ये प्रत्येक घटकापुढे 'झालं' अशी खूण विद्यार्थ्याला स्वतः करता येते. त्याला पाहायचं होतं की मुलं ही खूण केव्हा करतात: घटक वाचून झाल्या झाल्या, की सत्राच्या शेवटी एका बैठकीत सगळ्या एकदम? याला प्रश्नावली लागत नाही, परवानग्या कमी लागतात, आणि जे उत्तर येतं ते शिक्षकाच्या थेट उपयोगाचं असतं.

पायरी २: सरावाची जागा मिळवा

खऱ्या वर्गावर प्रयोग नंतर. आधी महाविद्यालयाच्या मूडल सांभाळणाऱ्या सरांना भेटा आणि एक रिकामा कोर्स व दोन खोटी खाती मागून घ्या: एक शिक्षकाचं, एक विद्यार्थ्याचं. विद्यार्थ्याच्या खात्याला तुमचीच दुसरी ईमेल जोडा. मूडलची सार्वजनिक सराव-साइटही आहे, पण ती दर तासाला पुसून नव्याने सुरू होते. तोंडओळखीला ती चांगली, अभ्यासाला नाही.

त्याच भेटीत तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या: मूडलची आवृत्ती कुठली, सर्व्हरचा टाइम झोन कुठला आणि लॉग, म्हणजे हालचालींच्या नोंदींच्या याद्या, किती दिवस ठेवले जातात. तिसरी गोष्ट विसरू नका. जागा वाचवण्यासाठी काही ठिकाणी जुना लॉग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याची सेटिंग केलेली असते. सत्र संपल्यावर माहिती काढायला गेलात आणि पहिले दोन महिने गायब, असं होऊ शकतं.

पायरी ३: आधी स्वतः विद्यार्थी व्हा

या कामात सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. एक वही घ्या, तीन रकाने आखा: वेळ, मी काय केलं, लॉगमध्ये काय उमटलं. समोर घड्याळ ठेवा. विद्यार्थ्याच्या खात्याने आत जा आणि एक तास मनापासून शिका. मग शिक्षकाच्या खात्याने कोर्सचा लॉग उघडा आणि तिसरा रकाना भरा.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे. ८:०५ ला लॉगिन केलं: कोर्सच्या लॉगमध्ये काही नाही, कारण लॉगिनची ओळ पूर्ण साइटच्या लॉगमध्ये जाते. ८:०६ ला कोर्सचं मुख्य पान उघडलं: एक ओळ. ८:०७ ला पीडीएफ उघडली: एक ओळ, 'कोर्स मॉड्यूल व्ह्यूड'. ८:०७ ते ८:३१ वाचत होते, पेन्सिलीने टिपणं काढत होते: लॉगमध्ये काही नाही. ८:३१ ला मुख्य पानावर परत आले, नेट अडकलं म्हणून पान पुन्हा लोड केलं: दोन ओळी. ८:३३ ला ज्या पानावर यूट्यूबचा व्हिडिओ जोडला होता ते पान उघडलं: एक ओळ. व्हिडिओ निम्मा पाहिला, दोनदा मागे नेला: काही नाही. ८:४० ला फोरमवरची चर्चा उघडली: एक ओळ. उत्तरादाखल दोन परिच्छेद लिहिले, पटले नाहीत म्हणून पाठवले नाहीत: काही नाही. ८:५२ ला टॅब बंद केली: काही नाही.

सत्तेचाळीस मिनिटं आणि सहा ओळी. त्यातली एक ओळ तर नेट अडकल्यामुळे आलेली. ज्या चोवीस मिनिटांत मी खरं शिकले, ती लॉगला दिसलीच नाहीत. पीडीएफ उघडून जेवायला उठून गेलेल्या मुलाची ओळ आणि माझी ओळ यांत तिळमात्र फरक नसतो. हे एकदा आपल्या हाताने अनुभवलं की पुढच्या सगळ्या आकड्यांकडे पाहण्याची नजर बदलते. म्हणून मी प्रत्येकाला हे करायला लावते, 'मॅडम, आम्हाला मूडल येतं' म्हणणाऱ्यालाही.

चाचणीत मात्र चित्र वेगळं आहे. क्विझ केव्हा सुरू केली, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, ते केव्हा बदललं, केव्हा सादर केलं, हे सगळं मूडल बारकाईने ठेवतं. एचफाइव्हपीच्या संवादी घटकांतही उत्तरांची नोंद राहते. तेव्हा प्रश्न निवडताना जिथे नोंद दाट आहे तिथे जा. वाचनाबद्दल लॉगला विचारू नका, उत्तरं देण्याबद्दल विचारा.

हाच प्रयोग मोबाइल ॲपवरूनही करा. लॉगमध्ये 'ओरिजिन' नावाचा रकाना असतो. ब्राउझरमधून आलेल्या ओळीपुढे 'वेब' असतं, ॲपमधून आलेल्या ओळीपुढे 'डब्ल्यूएस', म्हणजे वेब सर्व्हिस. वर्गातले किती जण फोनवर शिकतात हे या एका रकान्यातून कळतं. पण ॲपमध्ये घटक उतरवून घेऊन नेट नसतानाही वाचता येतो, आणि ते वाचन त्या क्षणी सर्व्हरला कळत नाही. गावाकडे रेंज नसलेल्या घरातला मुलगा रात्री दहाला वाचतो आणि सकाळी एसटी स्टँडवर नेट मिळतं. त्याच्या वेळांवरून निष्कर्ष काढताना हे ध्यानात ठेवा.

पायरी ४: कुठला अहवाल काय सांगतो

शिक्षकाला दिसणारे मुख्य अहवाल पाच: लॉग्ज, लाइव्ह लॉग्ज, ॲक्टिव्हिटी रिपोर्ट, कोर्स पार्टिसिपेशन आणि ॲक्टिव्हिटी कम्प्लीशन. लाइव्ह लॉग संशोधनाच्या फारसा कामाचा नाही, चालू चाचणीवर लक्ष ठेवायला बरा. ॲक्टिव्हिटी रिपोर्ट घटकवार किती वेळा पाहिलं हे दाखवतो, पण एकाच मुलाने वीस वेळा उघडलं की वीस मुलांनी एकेकदा, हे त्यातल्या नुसत्या एकूण आकड्यावरून ठरवू नका.

कम्प्लीशनवर, म्हणजे घटक पूर्ण झाल्याच्या खुणांवर, मात्र थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. ही सोय २०१० मधल्या २.० आवृत्तीपासून आहे. खूण दोन प्रकारे होते: विद्यार्थी स्वतः करतो, किंवा अट पूर्ण झाली की आपोआप होते. आपोआपच्या अटीही वेगवेगळ्या: नुसतं उघडलं, सादर केलं, गुण मिळाले. पहिल्या प्रकारात ती खूण म्हणजे मुलाचं म्हणणं आहे. 'नुसतं उघडलं' या अटीत ती खूण म्हणजे एक क्लिक आहे. दोन कोर्समधली 'पूर्णतेची टक्केवारी' शेजारी शेजारी ठेवून तुलना केलेले प्रबंध मी पाहिले आहेत. त्यात एका कोर्सची अट 'उघडणे' होती आणि दुसऱ्याची 'उत्तीर्ण होणे'. ही तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक घटकाची अट काय होती याचा तक्ता आधी करा, मग टक्केवारीला हात लावा.

आणखी एक मोह असतो तो 'किती तास अभ्यास केला' हे काढण्याचा. दोन क्लिकमधलं अंतर मोजायचं, अर्ध्या तासापेक्षा जास्त असेल तर सोडून द्यायचं, बाकीची बेरीज करायची. ही अर्ध्या तासाची रेषा कुणी ठरवली? वितोमिर कोवानोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की वेळ मोजण्याची पद्धत बदलली की संशोधनाचे निष्कर्षही बदलतात. माझा सल्ला असा की तासांच्या वाटेला जाऊ नका. 'किती वेगवेगळ्या दिवशी आला' हा आकडा साधा आहे, प्रामाणिक आहे आणि त्यात भानगड कमी.

पायरी ५: सूचनेचा पाठलाग करा

सूचना म्हणजे एक घटना आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती साखळी असते आणि तिची कुठलीही कडी तुटू शकते. प्रणालीत काहीतरी घडतं. त्या प्रकारची सूचना साइटवर चालू आहे का, हे व्यवस्थापकाने ठरवलेलं असतं. मग विद्यार्थ्याने स्वतःच्या पसंतीत ती चालू ठेवली आहे का, हे पाहिलं जातं. मग ती तीन वाटांनी जाऊ शकते: साइटवरची घंटा, ईमेल आणि फोनवरच्या ॲपची सूचना. ईमेल सुटायची तर सर्व्हरवर 'क्रॉन' नावाचं वेळापत्रकाचं काम चालू असायला हवं. मूडलची शिफारस ते दर मिनिटाला चालवावं अशी आहे. पुढे मेल सर्व्हर, पुढे इनबॉक्स की स्पॅम, पुढे फोन, आणि मग कुठे माणूस.

यातली क्रॉनची कडी मी फार महागात शिकले. काही वर्षांपूर्वी एका कोर्सवर मी फोरम चालवत होते. दहा-बारा दिवस एकही मूल बोललं नाही. मी वर्गात रागावले, 'तुम्हाला गांभीर्यच नाही' असं म्हणाले. मग एका सकाळी सगळ्यांच्या ईमेलमध्ये एकदम पन्नासेक सूचना येऊन पडल्या. सर्व्हर हलवताना क्रॉनचं काम सुरू करायचं राहून गेलं होतं. मुलांना माझा एकही प्रश्न पोचला नव्हता. मी वर्गात जाऊन माफी मागितली, पण तेव्हापासून सूचनेबद्दल काहीही बोलायच्या आधी ती पोचली का हे पाहते.

तुम्हीही पाहा, आणि अशा रीतीने: शिक्षकाच्या खात्याने फोरमवर लिहा, वेळ टिपा. विद्यार्थ्याची ईमेल आणि ॲप असलेला फोन समोर ठेवा. बहुधा लगेच काहीच येणार नाही. घाबरू नका. फोरमवरचं लिखाण दुरुस्त करायला मूडल मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटं देतं आणि ती सरल्यावरच ईमेल निघते. लिहिताना 'लगेच पाठवा' अशा अर्थाची खूण केली तरच ती मुदत टळते. तुमचा प्रश्न 'सूचनेनंतर किती वेळात प्रतिसाद' असा असेल आणि तुम्ही लिखाणाच्या वेळेपासून मोजत असाल, तर प्रत्येक आकड्यात अर्धा तास फुकटचा घुसलेला असतो.

दिवसाची एकत्रित ईमेल निवडलेल्यांचं आणखी वेगळं. ती मूळ सेटिंगनुसार संध्याकाळी पाच वाजता निघते. शिवाय फोरमचं सदस्यत्व सक्तीचं, ऐच्छिक, आपोआप किंवा बंद अशा चार प्रकारचं असू शकतं. 'सूचना गेली' म्हणताना कुणाला गेली, हे या सेटिंगवर ठरतं. असाइनमेंटचं सोपं आहे: ४.५ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, मुदत ४८ तासांवर आली की अजून सादर न केलेल्यांना आठवण पाठवायची सोय मुळातच आली आहे. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर ही आठवण मूडल आपणहून पाठवणार नाही, तुम्ही कॅलेंडरमध्ये तारीख टाकली असली तरी.

पोचल्याचा पुरावा किती मिळतो? सूचना पाठवल्याची ओळ लॉगमध्ये येते आणि घंटेवर जाऊन उघडली तर 'पाहिली' याचीही येते. डेटाबेसमध्ये सूचनांच्या तक्त्यात वाचल्याची वेळ राहते. पण ईमेल उघडली की नाही याचा मूडलजवळ कसलाच माग नाही. म्हणून प्रबंधात 'सूचना वाचल्या' असं लिहू नका. 'पाठवल्या' लिहा, आणि घंटेवर उघडलेल्या वेगळ्या मोजा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही अहवालात सापडणार नाही, ती मुलांना विचारूनच कळते: खात्याला जोडलेली ईमेल कुणाची आहे? प्रवेशाचा फॉर्म बऱ्याच मुलांनी नेट कॅफेत भरलेला असतो आणि तिथे कॅफेवाल्या दादाचीच ईमेल टाकलेली असते. त्या मुलाच्या सगळ्या सूचना आजतागायत कॅफेत जात असतात.

पायरी ६: जे घडलं नाही ते कसं पकडायचं

२.८ आवृत्तीपासून मूडलमध्ये 'इव्हेंट मॉनिटर' नावाचं साधन आहे. अमुक घटना इतक्या मिनिटांत इतक्या वेळा घडली तर मला कळव, असा नियम त्यात करता येतो. ते मुळात बंद असतं, व्यवस्थापकाला चालू करावं लागतं. पण ते घडलेल्या गोष्टीवर जागं होतं. 'मुलगा पंधरा दिवस आलाच नाही' ही घटनाच नाही, त्यामुळे त्याला ती दिसत नाही. आणि शिक्षकाला काळजी असते ती नेमकी त्याच मुलाची.

यासाठी दोन वाटा. साधी वाट म्हणजे कोर्स पार्टिसिपेशनचा अहवाल: घटक निवडा, विद्यार्थी ही भूमिका निवडा, ज्यांच्यापुढे 'नाही' आलं त्या सगळ्यांना निवडून तिथूनच निरोप पाठवा. हाताने करावं लागतं, पण कुणाला काय पाठवलं हे तुमच्या पूर्ण ताब्यात राहतं, आणि संशोधनाला हेच हवं. दुसरी वाट ३.४ आवृत्तीपासून आलेल्या ॲनालिटिक्सची, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणाऱ्या सोयीची. गळतीच्या उंबरठ्यावर असलेले विद्यार्थी ओळखण्याचं एक प्रारूप त्यात आहे, पण त्याला शिकायला आधीचे पूर्ण झालेले कोर्स लागतात, सुरुवातीची आणि शेवटची तारीख नीट भरलेले. एकाच कोर्सच्या बळावर ते चालणार नाही.

पायरी ७: तुलना करताना पर्ड्यूची गोष्ट आठवा

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात 'कोर्स सिग्नल्स' नावाची यंत्रणा होती. विद्यार्थ्याला लाल, पिवळा, हिरवा असा दिवा दिसायचा आणि शिक्षक त्यावरून निरोप पाठवायचे. ही यंत्रणा असलेले दोन किंवा अधिक कोर्स घेतलेले विद्यार्थी विद्यापीठात टिकण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे, असं किंबर्ली आर्नोल्ड आणि मॅथ्यू पिस्टिली यांच्या २०१२ च्या शोधनिबंधात आलं. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २०१३ मध्ये मायकेल कॉलफील्ड आणि आल्फ्रेड एसा यांनी साधा प्रश्न विचारला: जो मुलगा जास्त सत्रं टिकला त्याच्या वाट्याला असे कोर्सही जास्त आले नसतील का? एसा यांनी कृत्रिम आकडे घेऊन दाखवलं की दिव्यांचा काडीचाही परिणाम नसला तरी असंच चित्र दिसू शकतं.

चार वर्षं गावात राहिलेल्या माणसाने चार जत्रा पाहिलेल्या असतात. जत्रा पाहिल्या म्हणून तो गावात राहिला, असं कुणी म्हणत नाही. तरी आपल्या प्रबंधांत हेच वाक्य सर्रास असतं: 'जास्त सूचना उघडणाऱ्यांना जास्त गुण मिळाले, म्हणून सूचना गुण वाढवतात.' अभ्यासू मूल दोन्ही करतं, एवढंच त्यातून कळतं.

यावर उपाय म्हणजे गट चिठ्ठ्या टाकून पाडा. निम्म्या मुलांना आठवण द्यायचीच नाही, हे मनाला पटत नाही, पटूही नये. त्यापेक्षा पाळी लावा: पहिले तीन आठवडे अ गटाला आठवण, पुढचे तीन आठवडे ब गटाला. शेवटी सगळ्यांना सारखंच मिळालेलं असतं आणि प्रत्येक मुलाची त्याच्या स्वतःशीच तुलना होते. पण साठ मुलांच्या वर्गात लहानसहान फरक दिसणार नाही, हे आधीच मान्य करा. मार्गदर्शकांनाही तसं सांगून ठेवा.

पायरी ८: संमती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५ मध्ये आले. १८ वर्षांखालची व्यक्ती या कायद्याने बालक ठरते, म्हणजे अकरावी-बारावीचे बहुतेक सगळे विद्यार्थी. त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला कायद्यात मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलती दिलेल्या आहेत, त्या मूळ राजपत्रात वाचा आणि प्राचार्यांशी बोलून लेखी परवानगी घ्या. नवखे असाल तर पदवी किंवा बी.एड.चा वर्ग निवडा.

कायद्यापलीकडचीही एक बाजू आहे. आपल्या मॅडमनी कागद पुढे केला तर कुठलं मूल 'नाही' म्हणेल? म्हणून संमतीपत्रं दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाने गोळा करावीत, आणि कोण हो म्हणालं, कोण नाही म्हणालं हे निकाल लागेपर्यंत तुम्हाला कळू नये. एवढं केलंत तर त्या सहीला अर्थ राहतो.

पायरी ९: लॉग उतरवून साफ करा

लॉगच्या पानाच्या तळाशी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल, उतरवून घ्यायची सोय असते. ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलीत तर देवनागरीतली नावं विस्कटू शकतात आणि दिवस-महिन्यांची अदलाबदल होऊ शकते: ३ ऑगस्टचा ८ मार्च. त्याऐवजी एक्सेलच्या डेटा या टॅबमधून फाइल आत घ्या, यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धत निवडा आणि तारखेचा प्रकार स्वतः सांगा. लिब्रेऑफिसमध्ये तो प्रश्न उघडतानाच विचारला जातो, म्हणून मला तेच आवडतं. डेटाबेसमधून थेट माहिती घेत असाल तर तिथे वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, ग्रीनिच वेळेनुसार. आपली वेळ काढायला साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद मिळवा.

मग शिक्षकांच्या, पाहुण्यांच्या आणि व्यवस्थापकाने विद्यार्थ्याच्या खात्यात शिरून केलेल्या ओळी काढा. एकाच पानाच्या काही सेकंदांत आलेल्या दोन-दोन ओळी एक धरायच्या की नाही, याचा नियम ठरवा आणि लिहून ठेवा. नावांच्या जागी संकेत घाला, आयपी पत्त्याचा रकाना पूर्ण पुसा.

इथे एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. 'डिस्क्रिप्शन' रकान्यात प्रत्येक ओळीचं वाक्य असतं आणि त्यात विद्यार्थ्याचा खाते क्रमांक छापलेला असतो. 'क्रमांक ४५ च्या वापरकर्त्याने अमुक घटक पाहिला', अशा धाटणीचं. नाव पुसलं, पण हा रकाना तसाच ठेवला, तर ज्याच्याकडे वर्गाची यादी आहे तो दोन मिनिटांत ओळखेल. तोही पुसा.

पायरी १०: मुलांसमोर बसा

आकडे तयार झाले की आठ-दहा मुलांना, त्यांची हरकत नसेल तर, त्यांचाच लॉग दाखवा आणि विचारा, 'बाळा, इथे काय चाललं होतं?' या एका प्रश्नातून जेवढं मिळतं तेवढं शंभर फॉर्ममधून मिळत नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या सगळ्या ओळी रात्री अकरा ते साडेअकराच्या मधल्या होत्या. सूचना संध्याकाळी पाचला जायची, ती सहा तासांनी उगवायची. आकड्यांत ती 'उशिरा प्रतिसाद देणारी' या खान्यात पडली होती. ती म्हणाली, 'मॅडम, फोन पप्पांचा आहे. त्यांची सेकंड शिफ्ट असते.' म्हणजे ती पाच वाजताची सूचना कारखान्याच्या लॉकरमध्ये वाजत होती. फोन घरी आल्यावर पाच मिनिटांत ती पोर अभ्यासाला बसत होती. वर्गात तिच्याइतक्या तत्परतेने प्रतिसाद देणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुसरं नेहमी निघतं ते वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं. एक जण मूडलवरून पीडीएफ उतरवतो, ग्रुपवर टाकतो, बाकीचे तिथून वाचतात. लॉगमध्ये एकाची नोंद, वाचणारे चाळीस. आठवणीचंही तसंच: मूडलची सूचना येण्याआधी वर्गप्रतिनिधीने 'उद्या लास्ट डेट' टाकलेलं असतं. त्या ग्रुपमध्ये शिरू नका, ती जागा मुलांची आहे. पण 'शेवटची तारीख तुला आधी कुठून कळली?' हा प्रश्न मुलाखतीत ठेवाच. त्याशिवाय सूचनेच्या परिणामाबद्दल एक वाक्यही लिहिता येणार नाही.

प्रबंधात काय जोडाल

मूडलची आवृत्ती, प्रत्येक घटकाची पूर्णतेची अट, सूचनांच्या सेटिंगच्या पानांचे स्क्रीनशॉट, क्रॉन नीट चालू होतं याची व्यवस्थापकाकडून खातरजमा, लॉग साफ करताना ठरवलेले नियम. पुढच्या वर्षी दुसरं कुणी हेच काम दुसऱ्या महाविद्यालयात करायला घेईल, तेव्हा त्याला तुमच्या टक्केवारीपेक्षा याचा उपयोग जास्त. आणि परिशिष्टात पहिलं पान म्हणून वहीतलं ते सरावाचं पान तसंच, हस्ताक्षरात, जोडा. माझ्या विद्यार्थ्यांची असतात. तोंडी परीक्षेला आलेले बाह्य परीक्षक त्या पानावर थांबतात, 'वाचत होते: लॉगमध्ये काही नाही' या ओळीवर बोट ठेवतात, आणि प्रश्न तिथून सुरू होतात.